उपाशी कापड

— उंदीर, सुजिन, उंदीर. आमच्या गोधड्या लिहिते ना तू, त्या वहीत लिही, माह्या घरी, शकुबाईच्या घरी, उंदरानं कापड खाल्लं. असं पाहू नको माह्याकडं. भोक केवढं हाय? रुपयाएवढं. बरं, बशीएवढं. उमरखेडात उंदीर हायेतच — तुमच्या कोरियात नसतीन काय? असतीन, सांगत नसतीन. मले माहीत हाय, ते साधं कापड नाही — तुह्या आजीचा घागरा, तिच्या मायचा तुकडा, तिच्या सासूचा, साऱ्या बायाइचं दुःख जोडून तू शिवलं, अन् पुढच्या महिन्यात तिकडं प्रदर्शनात भिंतीवर टांगाचं हाय. आता पांघराचं कापड भिंतीले कायले? भिंतीले थंडी वाजते काय? बरं, राहिलं.

खरं सांगते. उंदराचा एकट्याचा दोष नाही. त्याले वास आला — भाकरीचा. आत भाकर कोणी शिवली? मीच शिवली. काहून? अवं, आमच्या घरी गोधडी पुरी झाली का शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास घालून टाका मारतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. तू चार रोज माह्याकडं ठेवून गेली, मी चारही कोपरे चाचपले — काहीच नाही. इतक्या बाया, अन् एकीलेही घास नाही? तूच तर सांगितलं, तिकडच्या लढाईत आजी पोराइले पेज पाजे अन् सोता पाणी पिऊन निजे. मंग तिले तसंच टांगू देऊ? म्हणून जरा मोठा घातला. अर्धी भाकर. नुसती कशी गिळन, म्हणून ठेचा लावला. झुनका नाही घातला, येडी हाय काय मी — थोडासा घातला.

माह्या मायचंही तेच. आम्हा पाच जणाइले वाढे अन् म्हणे, मी खाल्लं चुलीपाशी. चुलीपाशी काहीच नव्हतं, मी पाहून आलती. पाहूनही माही भाकर मीच खाल्ली, सुजिन, पुरी खाल्ली — हे कायले सांगून राह्यली मी? उंदराचं चाललं होतं.

तर भोकावर थिगळ लावलं. ते हिरवं हाय ना, मायच्या लुगड्याचं. एवढंच उरलं होतं. तुमच्यात ते शोभत नाही, दिसून राह्यलं मले. घे सुई, उसव. मले राग नाही येत — उसव म्हणलं ना.

हे काय करते? पक्कं करून राह्यली? ... असा तिरपा टाका असते काय तुमचा?

गिरजा. गिरजा नाव होतं माह्या मायचं, लिही वहीत. जा आता, येष्टी चुकन तुही.