गटार शिकून आलो, त्याची गोष्ट

...नाही, पण माझं काय चुकलं ते तरी सांगा! म्हैस कोंडवाड्यात घालतात, समजू शकतो. कुंपण मोडते, लोकांची भाजी खाते. मी कुणाची भाजी खाल्ली होती हो? मी फक्त शिकलो! ऑफिसच्या हुकमावरून अंधेरीला जाऊन गटार शिकून आलो... आणि आज कोंडवाड्याच्या दारात किल्ली घेऊन बसलोय!

तुम्हाला सांगतो, हे सगळं अण्णांचं काम. अण्णा म्हणजे आमच्या म्युनिसिपालटीचे हेडक्लार्क. पानाचा तोबरा या गालातून त्या गालात सरकवत म्हणतात, "गुणाजी, सॅनिटरी इन्स्पेक्टरची जागा निघतेय. तू गटारखात्यातला जुना कारकून, तुझाच हक्क. पण ट्रेनिंग पायजे रे! आता आपली म्युनिसिपालटी मुंबईच्या कार्पोरेशनात जाणार, तिथे अर्धकच्चं काय चालणार? जा अंधेरीला. माणूस तयार करतोय आम्ही!"

आणि जागेबरोबर क्वार्टर, बरं का! दोन खोल्या, स्वतंत्र मोरी! आम्ही राहतो घाटकोपरला, थोरल्या भावाकडे. एका खोलीत दोन संसार, मध्ये वहिनींचं जुनं लुगडं आडवं टांगलेलं. हसायचं तर तोंडावर उशी घेऊन, भांडायचं तर खुणांनी! आमची कुंदा मोरीचं नाव ऐकूनच हळवी झाली. "अहो, जाच तुम्ही. आपली मोरी, आपली बादली... बाहेरून कुणी दार वाजवायचं नाही!" लगेच छीट आणून पडदे शिवायला बसली. खिडक्या अजून बघितलेल्या नाहीत, पडदे तयार!

गेलो. तिथे एक रिटायर्ड साहेब, उन्हाळ्यात कोट घालून, फळ्यावर रंगीत खडूनं गटार काढायचे. "जंटलमेन, पाहा, पाणी कसं खळाळून चाललंय!" अहो, इतकं देखणं गटार मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं! नुसता वास नाही, म्हणून चुकल्यासारखं वाटायचं. पण शिकलो ना! गटाराला उतार किती, डासाची अळी पाण्यात कशी लटकते... झोपेत बडबडायला लागलो. लुगड्यापलीकडून वहिनी ओरडायच्या, "भावजी, ते गटार झाका आणि झोपा!"

पास झालो, पेढे घेऊन ऑफिसात आलो. तर इन्स्पेक्टर कोण? नंदकुमार! माझ्या बाजूच्या टेबलावरचा, कधी कुठल्या ट्रेनिंगला न गेलेला! मी अण्णांना म्हटलं, "हे काय?"

"अरे, कमिटीनं अनुभव बघितला. तू अंधेरीला होतास, तेव्हा इथली गटारं कोण बघत होतं? नंदकुमार. मग अनुभव कुणाला?"

"पण अण्णा, मला पाठवलंत तुम्हीच!"

"पाठवलंच ना! माणूस तयार करतोय आम्ही! तयार माणूस कुठेही चालतो. कोंडवाड्यावर जागा आहे बघ." आणि माझ्याच पुड्यातला पेढा उचलून तोंडात टाकला हो!

आता रोज संध्याकाळी नंदकुमार येतो. "गुणाजी, ते उताराचं जरा परत सांग ना यार, साहेब विचारतायत." मी सांगतो. काय करणार? म्हशी ऐकतात, तोही ऐकतो. म्हशींना लवकर कळतं.

आणि कुंदानं? परवा गुपचूप पडदे उसवले आणि उशांचे अभ्रे शिवले. रात्री डोकं टेकलं तर गालाखाली तेच छीट... वाईट वाटतं हो. बायको चिडली तर समजूत काढता येते. ही गप्प बसली, आणि समजूत काढायची तर लुगड्यापलीकडे दोघं जागी!

आणि काल अण्णा कोंडवाड्यावर हजर! तोबरा या गालातून त्या गालात. "गुणाजी, गुरांची निगा, नवीन ट्रेनिंग निघालंय. अंधेरीलाच. तुझं नाव घातलंय. माणूस तयार..."

मी पायच धरले त्यांचे! म्हटलं, "अण्णा, मला अडाणी राहू द्या. मी तिकडे म्हशी शिकायला जाणार, इकडे म्हशींचा अनुभव दुसऱ्याला मिळणार... आणि आहे तो कोंडवाडाही जाईल हो माझा!"