सेउमालो आत गेले

लुपेने नवऱ्याचा दुरुस्त करून आणलेला चष्मा पिशवीत जपून ठेवला आणि सावाई बेटाच्या बोटीची वाट बघत ती धक्क्यावरच्या बाकावर टेकली. शेजारी सरकारी शर्टातला एक पोरगा लॅपटॉपवर गावप्रमुखांच्या नावांची स्लाइड उघडून बसला होता आणि त्याची साहेबीण खांद्यावरून डोकावत होती.

"फेतू, सेउमालोंचं नाव आत कुणी ढकललं?"

"मीच, लोसाताई. सगळी नावं एका रेषेत भकास दिसत होती, म्हणून टॅब दाबला."

"टॅब दाबलास आणि गावचा थोरला मताई धाकट्याच्या हाताखाली दिलास. त्यांच्या नावाआधीचा ठिपकासुद्धा बारीक झालाय."

"ठिपक्याकडे कोण बघतंय, ताई?"

"गेल्या सभेत मानाच्या पेयाची, कावाची वाटी त्यांना पहिली न देता दुसरी दिली, तर त्यांनी पाण्याची टाकी वर्षभर अडवली. आज त्याच टाकीसाठी चाललोय आपण. ओढ त्यांना बाहेर."

"ओढतो. पण हे तर सगळेच सरकले."

"वरची पट्टी ओढू नकोस रे. शिफ्ट धरून टॅब दाब."

"आले बाहेर. ठिपकाही मोठा झाला. आता हा बंद का पडला?"

"चार्जर कुठाय?"

"ऑफिसात, टेबलावर. पण काळजी नको, सभा आहे त्या शाळेत फाइल सकाळीच पाठवलीय, तिथल्या पडद्यावर लावू."

"कुठली फाइल? सेउमालो आत असलेली?"

फेतू समुद्राकडे बघू लागला.

लुपेने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"तीच लावा," ती म्हणाली. "त्यांचा चष्मा माझ्याकडे आहे. सभा आटोपली की देईन."