जांभळे चट्टे

थोरला: पण डॉक्टर, चट्टे तर मनगटावर आहेत. मग लिव्हरची तपासणी कशाला केलीत?

डॉक्टर: त्या चट्ट्यांमुळेच. जांभळे, चपटे, खाज सुटणारे, आणि गालाच्या आतून पांढरी जाळी. याला लायकेन प्लॅनस म्हणतात. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच कातडीवर उलटतात.

धाकटा: म्हणजे घरचेच पहारेकरी घरावर दगड मारतायत म्हणा ना!

डॉक्टर: तसंच. का मारतात, ते बहुतेक वेळा कळत नाही. पण काही जणांच्या रक्तात हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडतो. तो लिव्हर खराब करतो. तुमच्या दादांच्या रक्तात तो आहे.

थोरला: चुकून दुसऱ्याचा रिपोर्ट नाही ना आला?

डॉक्टर: मी दोनदा खात्री केली. तीन महिने गोळ्या घ्यायच्या. बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. चट्टे जातीलच, हे मात्र मी सांगत नाही.

थोरला: हे चट्टे लागतात का हो कुणाला? हात पुढे केला की गिऱ्हाईक मान मागे घेतं.

डॉक्टर: चट्टे नाही लागत. विषाणू लागतो, रक्तातून. काम काय करता?

थोरला: सलून आहे. तीस वर्षं झाली. हा आणि मी.

डॉक्टर: दर वेळी नवं पातं?

थोरला: आता नवं. पूर्वी वस्तरा पुसायचा, पट्ट्यावर घासायचा, की पुढचा माणूस खुर्चीत.

डॉक्टर: तुम्हाला कुठून लागला, ते आता कुणी सांगू शकणार नाही. तुम्हीसुद्धा रक्त देऊन जा हो.

धाकटा: मी? माझी कातडी बघा, लहान पोरासारखी!

डॉक्टर: हा विषाणू असलेल्या बहुतेकांना चट्टे येतच नाहीत.

धाकटा: आज नको. दुकान उघडायचंय.

(सलून. शटर अर्धंच वर.)

थोरला: जुन्या गिऱ्हाइकांना सांगायला हवं. तपासून घ्या म्हणून.

धाकटा: डोकं ठिकाणावर आहे का तुझं? उद्यापासून इथे माशी फिरकणार नाही.

थोरला: कितीदा माझं बोट कापलं असेल. कितीजणांच्या गालाला पातं लागलं असेल.

धाकटा: मग पाटीच लाव ना बाहेर! दादा, गोळ्या घे, बरा हो, विषय संपव. कोण विचारायला येणार आहे?

थोरला: आणि तू तिथे रक्त का नाही दिलंस? सुईला घाबरणारा नाहीस तू. रक्तदान केलंयस की.

धाकटा: तेच तर.

थोरला: तेच तर काय?

धाकटा: दोन वर्षं झाली त्याला. रक्तपेढीतून फोन आला, भेटून जा म्हणाले. मला आहे ते, दादा.

थोरला: दोन वर्षं?

धाकटा: त्या दिवसापासून तुझी दाढी नव्या पात्यानंच केली. आईशप्पथ.

थोरला: आणि त्याच्या आधी?

धाकटा: आधी मला तरी कुठे माहीत होतं?

थोरला: गोळ्या घेतल्यास?

धाकटा: नाही. घरात दिसल्या असत्या. तू विचारलं असतंस.

थोरला: आठ महिने मी मलमं फासतोय. भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून उभा राहतोय. तू समोरच्या खुर्चीपाशी उभा राहून बघत होतास.

धाकटा: चट्ट्यांचा त्याच्याशी संबंध आहे, हे मला आज कळलं! रागाव, मार हवं तर.

थोरला: मारून काय होणार. तुला माझ्यामुळे लागलं की मला तुझ्यामुळे, देव जाणे. दुपारी डॉक्टरांकडे जायचं. तुझ्यासाठी.

धाकटा: जाऊ. जाऊ ना. फोन कशाला काढलास?

थोरला: मास्तरांना लावतोय. सव्वीस वर्षं माझ्याच हातची दाढी.

धाकटा: दादा, निदान आजचा दिवस तरी थांब.

थोरला: तू दोन वर्षं थांबलास. … हॅलो, मास्तर? सलूनमधून बोलतोय. नाही नाही, यायची वेळ तीच आहे. जरा बसून ऐकाल का?