डब्यावरचं अकरावं नाव

जबाब. दिनांक १० जानेवारी २०२६, शनिवार. सुरुवात दुपारी ३ वाजून १५ मिनिटांनी.

माझं नाव वृषभ जिनदत्त मगदूम, वय ५१ वर्षे, धंदा स्टीलच्या भांड्यांचं दुकान व भांड्यांवर मशीनने नावं घालून देणे, शिवाय दीड एकर ऊस, राहणार निपाणी, जिल्हा बेळगाव. मला मराठी व कन्नड दोन्ही लिहिता-वाचता येतं. सगळ्या चुका मराठीत केल्या असल्याने जबाबही मराठीत घ्यावा, अशी मी विनंती केली. हवालदार दिपालीमॅडम यांचं माहेर कागलचं असल्याने ती मान्य झाली.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून आणि काही ठिकाणी न विचारता सांगतो की, बेपत्ता ज्योतिबा शामू चव्हाण, वय २७, यास मी तीन वर्षांपासून ओळखतो. तो आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क आहे. कारखान्याचं नाव मला विचारलेलं नाही. ते सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट लिहून देणारा पहिला माणूस मीच कशाला व्हावं. ज्योतिबाची आई राजाबाई यांनी काल तो हरवल्याची तक्रार दिली. त्या आज सकाळपासून ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून आहेत.

आम्ही दहा ऊसवाले मिळून एक काम करत होतो. भरलेली ट्रॉली आधी रस्त्यावरच्या खाजगी काट्यावर मोजायची, मग कारखान्याच्या काट्यावर. मधलं अंतर दोन किलोमीटर. तेवढ्या अंतरात आमचा ऊस दीड टनाने वाळतो. कारखान्याच्या काट्यावर पडद्यावर पहिला आकडा कोणता आला आणि पावतीवर कोणता छापला, हे ज्योतिबा आम्हाला कळवत असे. त्याला याबद्दल कुणी काही देत नव्हतं. त्याच्या वडिलांचाही ऊस असाच वाळत गेला होता.

गेल्या हंगामात हे सगळं आम्ही फोनवरच्या नेहमीच्या ग्रुपवर लिहीत होतो. लिहिलेलं दहा मिनिटांत कारखान्याच्या ऑफिसात पोचे, कारण ग्रुपमध्ये चाळीस माणसं होती आणि त्यांतले सहा जण कारखान्यातल्या कुणाचे ना कुणाचे जावई होते. म्हणून या हंगामात ज्योतिबाने बेळगावला कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या सौरव या मित्राकडून आमच्यापुरता वेगळा सर्व्हर घेतला. सर्व्हर म्हणजे परदेशात कुठेतरी भाड्याने चालणारा कॉम्प्युटर, ज्यावरून फक्त आमचे निरोप जातात. भाडं बँकेतून भरलं तर नाव लागतं. म्हणून ते प्रीपेड कार्डाने भरायचं. व्हिजिटिंग कार्डाएवढं कार्ड, त्यावर खरवडायची पट्टी, पट्टीखाली सोळा आकडी नंबर. फोनवर नंबर घातला की सर्व्हर महिनाभर चालतो. महिना संपेपर्यंत दुसरा नंबर घातला नाही तर सर्व्हर बंद, आणि त्यावरचे निरोप कायमचे गेले.

कार्ड कुणी घेतलं याची नोंद कुठे असते, असं मॅडमनी विचारलं. सौरवने सांगितलं होतं तसं मी सांगितलं, की ब्लॉकचेन नावाची एक वही असते आणि तिच्या नकला जगभर हजारो कॉम्प्युटरांवर असतात. अमुक कार्ड निघालं, ते खरं आहे, ते एकदा वापरलं, एवढंच तिच्यात लिहितात. कुणी घेतलं ते लिहीतच नाहीत. सर्व्हरवाल्यालाही ते कळत नाही. वही ठेवतं कोण, असं मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, सगळे. मग समन्स काढायचं कुणाच्या नावाने, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यासाठीच तर हा खटाटोप. हे लिहिताना मॅडमचं पेन दोनदा थांबलं.

आमच्या मंदिरात गुप्तदानाची पेटी आहे. तिच्यावर पेटी देणाऱ्याचं नाव तीन ओळींत आहे, आजोबांसकट. यावरून आमच्याकडच्या पद्धतीची कल्पना यावी.

सौरव एकदम पाच कार्डं द्यायचा. ती ठेवायला २३ नोव्हेंबरला मी दुकानातला एक स्टीलचा डबा काढला. रविवार होता, गिऱ्हाईक नव्हतं, मशीन चालू होतं. डब्याच्या झाकणावर मी 'ऊसवजन पडताळणी मित्रमंडळ' असं घातलं आणि अंगावर कार्डांसाठी वर्गणी देणाऱ्यांची नावं घातली. सदर डब्यावर दहा नावं आहेत. हे मी का केलं, असं विचारता सांगतो की, तीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. कुणी काही दिलं की त्यावर नाव येतं. पंखा दिला तर पात्यावर, बाक दिलं तर पाठीवर. नाव न घालता दिलेली वस्तू माझ्या डोळ्यांना चोरीची वाटते.

डबा पाहून ज्योतिबा हसला. म्हणाला, "अण्णा, देवळातल्या पंख्यागत केलासा की. कार्डावर नाव न्हाय म्हणून एवढी धडपड केली, आन् तुमी डब्यावर घातलासा व्हय?"

त्यानंतर तो काय म्हणाला, ते पुढे येईल.

डिसेंबरात अवकाळी पावसाने दुकानाची कौलं गळली, डब्याबाहेर राहिलेलं एक कार्ड ओलं झालं आणि त्याचा नंबर पुसला गेला. तेव्हा ज्योतिबा म्हणाला, कागदाचा भरवसा न्हाय, एक नंबर स्टीलवर घालून ठेवा, पण कुटं ते मलाबी सांगू नका. त्या दिवशी दुकानातल्या बाकावर नाव घालायला आलेली जी भांडी होती, त्यांतल्या एकाच्या बुडाला मी एका कार्डाचा नंबर घातला आणि कार्ड जाळलं. भांडं ज्याचं त्याला गेलं. ते कोणतं हे लिहून ठेवलं नाही. आयुष्यात एकदाच गुप्तता पाळली, ती ही अशी. महिन्याला माझ्या हाताखालून पाचशे भांडी जातात.

सोमवार दि. ५ रोजी सकाळी ११ च्या सुमारास कारखान्याचे शेती अधिकारी माझ्या दुकानात आले. मुलीच्या रुखवताची चोवीस ताटं घेतली व त्यांवर नाव घालायला सांगितलं. डबा माझ्या मागच्या फळीवर होता. तो त्यांनी पाहिला. मंगळवारी ज्योतिबाला काट्यावरून काढलं. त्याच संध्याकाळी दोन मोटरसायकलींवरून चार जण त्याच्या घरी गेले, अंगणात उभे राहिले, पाणी मागितलं आणि न पिता गेले. बुधवारी सकाळी ज्योतिबा घरी नव्हता.

बुधवारी दुपारी ३.१० ला सर्व्हरवर त्याचा निरोप आला, तो असा: "हितं उतरलोय. सिम काढून टाकलंय, स्टेशनच्या वायफायवर हाय. शनवारी सहानंतर परत बघतो. ऱ्हा म्हणलासा तर ऱ्हातो. कुणीच न्हाय बोललं तर फुडची गाडी धरतो, मग मला हुडकू नका. आईला म्हणावं, जेवून घे."

'हितं' म्हणजे कुठं, ते त्याने आधीच्या ओळीत लिहिलं होतं. ती ओळ मी सांगितली नाही. रेल्वेचं जंक्शन आहे, एवढं म्हटलं. मॅडम म्हणाल्या, आपल्या बाजूला जंक्शनं दोनच, मिरज नाहीतर लोंढा. मी म्हटलं, म्हणजे निम्मा तपास झाला. ठाण्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर सकाळपासून कारखान्याचे दोघे बसले आहेत, त्यांचा पाचवा चहा चालू आहे, म्हणून मी असं वागलो. मॅडमबद्दल माझी तक्रार नाही.

आज १० तारीख. चालू कार्डाचा महिना आज संध्याकाळी ६ वाजता संपतो. त्यानंतर ज्योतिबा बघेल तेव्हा सर्व्हर बंद असेल, आणि आधी लिहिलेलं उत्तरही त्याबरोबर गेलेलं असेल. डबा पुरावा म्हणून उपयोगी पडेल या समजुतीने मी तो आज १२.०५ ला स्वतः ठाण्यात आणला. आत तीन कोरी कार्डं होती. त्यांतल्या एकाचा नंबर आधी घालून मग निघावं, हे मला सुचलं नाही. १२.४० ला डबा पंचांसमक्ष कापडात शिवून लाखेने सील झाला. मी म्हटलं, एक कार्ड बाहेर राहू द्या. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय उघडता येत नाही, आणि कोर्ट आता सोमवारी, असं मला सांगण्यात आलं. नियम बरोबर आहे. सोमवारी ज्योतिबा कुठे असेल, याबद्दल नियमात काही नाही.

दुसरं कार्ड मिळत नाही, कारण ती सौरवच आणतो आणि गुरुवारपासून त्याचा फोन बंद आहे. बाकीच्या नऊ ऊसवाल्यांना मी सकाळपासून फोन करतो आहे. आज कुणालाच रेंज नाही. माझा फोन जमा करून घ्यायचा होता, पण त्याचा कागद छापायचं मशीन नादुरुस्त असल्याने तो अजून माझ्याकडे आहे.

४.२० वाजता मॅडमनी विचारलं, डब्यावर दहा नावं, दहाही ऊसवाल्यांची, मग शेती अधिकाऱ्यांना ज्योतिबाच कसा कळला. मी सांगितलं, माहीत नाही. ४.३५ ला तेच विचारलं. मी सांगितलं, गावात सगळ्यांना सगळं कळतं. ४.५० ला मॅडमनी पंचनामा काढला आणि वाचला, की डब्याच्या अंगावर शेवटच्या नावाखाली अंगठ्याएवढी जागा नव्याने घासलेली, चमकणारी दिसते. मग तेच विचारलं.

त्यावर सांगतो की, डब्यावर ज्योतिबाचंही नाव होतं. एका कार्डाचे पैसे त्याने दिले होते. नको म्हटलं तरी दिले. डबा पाहून हसल्यावर त्याने आपल्या नावावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अण्णा. माजं नाव कशावरबी पयल्यांदाच आलंय."

म्हणून राहिलं.

डिसेंबर अखेरीस माझी बायको पद्मावती हिने डबा पाहिला. ती म्हणाली, "जे लपवायचं तेच स्टीलवर घातलंसा. खोडायचं तर समदी नावं खोडा, न्हायतर एकबी खोडू नका." मी बाकीच्यांना विचारलं. नऊही जण म्हणाले, पैसे दिलेत, नाव राहू दे. माझंही नाव मला खोडवलं नाही. ज्योतिबा एकटाच कारखान्याचा नोकर, धोका त्यालाच, असा विचार करून त्याचं एकट्याचं खोडलं. मशीनच्या सुईने वरून रेघा मारल्या. स्टीलवरचं अक्षर खोल असतं, रेघा वरवरच्या असतात, तिरप्या उजेडात खालचं सगळं दिसतं. तीस वर्षांच्या धंद्यात हे मला माहीत होतं.

सोमवारी शेती अधिकाऱ्यांनी डबा हातात घेतला, दारातल्या उन्हाकडे तिरका धरला आणि विचारलं, "मगदूम, हे एवढंच का खोडलं?"

मी म्हटलं, "नाव घालताना चुकलं होतं."

ते म्हणाले, "नाव बरोबर हाय. माणूस चुकला."

मग डबा जागेवर ठेवला आणि ताटांवर अक्षर ठळक घाला म्हणाले. त्यांची चोवीस ताटं मी त्याच दिवशी पूर्ण करून घरपोच दिली. अक्षर ठळक घातलं. ज्योतिबाला सावध करायला त्या दिवशी वेळ मिळाला नाही. हे वाक्य मॅडमनी मला परत विचारलं. वेळ मिळाला होता.

५.३० वाजता मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मगदूम अण्णा, तहान लागली असंल. भाईर माठ हाय." मला तहान लागलेली नव्हती. तरी मी गेलो.

व्हरांड्यात राजाबाई बसल्या होत्या. बुधवारपासून त्या पाण्यावर आहेत. भाकरी फडक्यात बांधलेली शेजारी होती, सकाळची तशीच. पाणी पिऊन त्यांनी आपला तांब्या बाकावर उपडा घातला होता. तांब्यावर त्यांचं नाव आहे, अक्षर माझं आहे. डिसेंबरात तो नाव घालायला ज्योतिबाच घेऊन आला होता, हे मला तिथे आठवलं. मी तो मागितला. राजाबाई म्हणाल्या, "घ्या की. दिसतंय त्येवढं वाचा. मला वाचाय येत न्हाय, पर पोरगं म्हणालतं, अण्णांनी मागितला तर लगीच द्यायचा."

म्हणजे भांडं कोणतं, हे त्याने दुकानातल्या बाकावर पाहूनच ओळखलं होतं. मला मात्र तो "सांगू नका" म्हणाला होता.

मी तांब्याने पाणी प्यालो. माझ्याजवळ फोन होता. ५.४८ ला आत परत आलो. तांब्याच्या बुडाला काय आहे, हे मला विचारण्यात आलेलं नाही. सदर तांब्या एका बाईच्या रोजच्या वापरातला असून तो मुद्देमाल नाही, हे मात्र मी न विचारता सांगतो.

६ वाजले. सर्व्हर चालू आहे.

६ वाजून ७ मिनिटांनी, हा जबाब वाचून दाखवणं सुरू असताना, माझ्या फोनवर एक निरोप आला. मी त्यास एका शब्दाचं उत्तर दिलं. ते जबाबात घ्यायची गरज नाही, असं मॅडमच म्हणाल्या. मी उठून खिडकीपाशी गेलो आणि बाहेर एवढंच म्हटलं, "आक्का, भाकरी खावा आता." राजाबाईंनी का म्हणून विचारलं नाही. फडक्याची गाठ घट्ट बसली होती, ती सोडायला त्यांना वेळ लागला.

इथवरचं सगळं दिपालीमॅडमनी मला मराठीत, मोठ्याने, न गाळता वाचून दाखवलं. मी कान देऊन ऐकलं. ते माझ्या सांगण्याप्रमाणे व खरं आहे. दुरुस्ती एकच. वर डब्यावर दहा नावं आहेत असं मी सांगितलं आहे, तिथे अकरा असं वाचावं. अकरावं नाव ज्योतिबा शामू चव्हाण. ते खोडलेलं असलं तरी वाचता येतं. पंचनाम्यात ते पूर्ण लिहावं.

सही: वृषभ जिनदत्त मगदूम