पानाखालचा केस

—नाही, बसू नकोस ब्रेनन, एकच विचारायचंय. मघाचं ते बाळ, हार्लन, नऊ आठवड्यांचं, मान एका बाजूला धरणारं — त्याची टाळू तुला ताणलेली लागली, असं म्हणालास ना? रडत होतं तेव्हा? नव्हतं. आईनं मांडीवर बसतं धरलं होतं, शांत होतं. रडताना टाळू ताणतेच, पण शांत असताना ताणू नये. हं. आणि मी काय केलं? तुझा हात बाजूला सारून माझी बोटं ठेवली, डोळे मिटले आणि म्हटलं, काही नाही रे, मानेचाच ताण आहे, हळूच सैल कर. तू केलंस. करणारच, शिकवणारी मी.

असा बघू नकोस. पहिल्या दिवशीचा खेळ आठवतो? टेलिफोन डिरेक्टरीच्या पानाखाली केस ठेवायचा, वरून बोटानं शोधायचा — एक पान, मग पाच, मग दहा. मी झटकन दाखवला आणि तुम्ही चौघं शिकाऊ रेसिडेंट डॉक्टर तोंडात बोटं घालून बघत राहिलात. अरे, केस मीच ठेवला होता! मला माहीत होतं तो कुठे आहे ते. एका पानाखालचासुद्धा लागत नाही मला — गेल्या हिवाळ्यात छातीच्या गाठीवर ती औषधं घेतली ना, डोक्यावरचे केस परत आले, बोटांच्या टोकांची जाण नाही आली. सकाळी कोटाची बटणं माझा नवरा, वेंडेल, लावून देतो. त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. का नाही सांगितलं? अख्ख्या मिसूरीत माझ्या हातांचं नाव आहे म्हणून. चौतीस वर्षं हातानं चाचपून निदान आणि उपचार करायला हे हातच शिकवत आलेत रे, तोंड नाही — आणि हातच मेले म्हटल्यावर कोण विचारतंय टेस वॉलग्रेनला?

बाळ सकाळी उलट्या करतं, म्हणाली ना त्याची आई? ऐकलंस तू. मी हसून म्हटलं, दूध जास्त होतंय. हसले मी! डोक्यात पाणी साचत असेल, रक्त असेल... 

तो खिडकीतून ट्रक दिसतोय? तोच. ती बाळाला सीटमध्ये बांधतेय. त्यांच्या शेतावर पोचायला दीड तास, त्यात हा बर्फ. जा. थेट इमर्जन्सीत ने, डोक्याची सोनोग्राफी आत्ताच्या आत्ता. मी नाही येत — ती माझ्या तोंडाकडे बघेल आणि मी पुन्हा धीर देईन तिला. तुझ्या बोटांना लागलं ते तू सांग. मी चुकले, तेही सांग. कोट राहू दे रे — पळ!