लिरिक गाऊन दाखवली तेव्हा

खरे म्हणजे 'लिरिक' या शब्दाची व्युत्पत्ती मी वधूपरीक्षेत सांगायलाच नको होती. अमरावतीहून अकोल्याला मुलगी पाहायला गेलो होतो. तिच्या मामांनी एम.ए.चा विषय विचारला.

म्हणालो, "लिरिक, म्हणजे भावकविता. ग्रीकांच्या 'लीरा' या तंतुवाद्यावरून तो शब्द आला. त्या वाद्यासह गायली जाई, तीच लिरिक. नुसती वाचलेली कविता, काटेकोरपणे पाहता, लिरिक नव्हेच."

"मंग गाऊनच दाखवा," म्हणत मामांनी शेजारून एकतारी आणवली. "आमच्या पोरीले गायाले सांगता, तुमाले काहून लाज?"

मी गायलो. दुसऱ्याच ओळीला आतून मुलीचा आवाज आला, "मामाजी, लवकर हो म्हना, म्हंजे हे थांबतीन तरी!"

तेव्हापासून आमच्या घरी लिरिक वाचलीच जाते, तीही मनातल्या मनात.