झोप लागली म्हणायचं

(बस डेपोतल्या डॉक्टरांच्या खोलीबाहेरचा बाक.)

ताई: पाय हलवू नकोस. अख्खा बाक हलतोय.

ड्रायव्हर: मग समोरच्या बाकावर बस ना. कुणी बोलावलंय तुला?

ताई: तुझ्या बायकोनं. आत गेल्यावर काय सांगणार आहेस?

ड्रायव्हर: झोप लागली. स्टेअरिंगवर डुलकी लागली, चूक झाली, पुन्हा होणार नाही. सगळे हेच सांगतात. झोप सगळ्यांना कळते गं.

ताई: थांब्यावर गाडी उभी, दारं बंद, आतले बेल मारतायत, बाहेरचे काचेवर थापा मारतायत आणि हा पठ्ठ्या झोपलाय! मला पटेचना. लहानपणी तुला झोपवताना आईच्या नाकी नऊ यायचे.

ड्रायव्हर: झोपलो नव्हतो.

ताई: मग डोळे मिटून काय करत होतास?

ड्रायव्हर: फुगे सोडत होतो.

ताई: काय?

ड्रायव्हर: तुझेच. पोहण्याच्या तलावावर घाबरट पोरांना शिकवतेस ना, डोळे मिटा, ओठांचा चंबू करा, पाण्यात फुगे सोडल्यासारखा श्वास हळूहळू सोडा. छातीत धडधडतं म्हटल्यावर मलाही तेच शिकवलंस की.

ताई: अरे देवा! ते घरी करायला, खुर्चीत बसून!

ड्रायव्हर: घरी कुठं धडधडतं? धडधडतं गाडीवर. म्हणून थांबा आला की हँडब्रेक ओढायचा, दार उघडायचं, लोक चढेपर्यंत डोळे मिटून फुगे. छान चाललं होतं. त्या दिवशी दार उघडायचंच राहिलं.

ताई: प्रत्येक थांब्यावर? कधीपासून?

ड्रायव्हर: ती मुलगी चेंडूमागं धावत गाडीपुढं आली, तेव्हापासून.

ताई: पण तिला काही झालं नाही म्हणालास.

ड्रायव्हर: नाहीच झालं! ब्रेक लागला. खरचटलंसुद्धा नाही. चेंडू उचलून हसत पळाली बया. काही झालं असतं तर सांगता तरी आलं असतं. आता काय सांगू? काहीच झालं नाही, म्हणून मी घाबरलोय? वेड्यात काढतील.

ताई: मी काढलं का?

ड्रायव्हर: तुझं सोड. तू ताई आहेस.

ताई: आत खरं सांग.

ड्रायव्हर: सांगितलं की गाडी गेली. डेपोत टेबलाच्या कामाला बसवतील. येणारा-जाणारा विचारेल, काय रे, हात-पाय तर धड दिसतायत!

ताई: विचारू देत. दोन थांब्यांच्या मधे धडधडलं तर काय करतोस?

ड्रायव्हर: डोळे उघडे ठेवून फुगे सोडतो.

ताई: माझ्याकडे बघून सांग.

ड्रायव्हर: ताई, हळू बोल ना.

ताई: मी हळूच बोलतेय. बघ इकडं.

ड्रायव्हर: मागच्या आठवड्यात मिटले. आपोआप. गाडी धावत होती. क्षणभरच गं. कुणाला कळलं नाही, काही झालंही नाही.

ताई: पुन्हा तेच. काही झालं नाही!

ड्रायव्हर: ओरडू नकोस. मला भीती वाटते.

ताई: मलाही वाटतेय. अरे, घाबरलेल्या पोराला मी फुगे शिकवते, पण म्हणून त्याला लगेच खोल पाण्यात सोडते का? आधी काठावर आणते. तू भरल्या गाडीनिशी खोल पाण्यात गेलास की रे.

डॉक्टर: ते दार न उघडलेले ड्रायव्हर कोण? या आत.

ताई: जा. मी इथंच बसलेय.

डॉक्टर: बसा, बसा. घाम कसला आलाय एवढा? घाबरू नका हो, डुलकी कुणालाही लागते. सारख्या पाळ्या बदलल्या की असं होतंच. तसंच लिहून टाकतो. दोन दिवस झोप काढा आणि सोमवारी गाडी घ्या.

ड्रायव्हर: सोमवारी नको, डॉक्टर.

डॉक्टर: बरं, मंगळवारी घ्या.

ड्रायव्हर: मंगळवारीही नको.

डॉक्टर: अहो, मग कधी?

ड्रायव्हर: ते तुम्ही ठरवा. मी ठरवलं तर उद्याच घेईन.